तिला थंडी वाजते, असे दिसते

घाटकोपरात वाढलेल्या मराठी माणसाला गुजराती शिकावी लागत नाही. गोवर-कांजिण्यांसारखी ती लहानपणीच अंगावर उठून जाते आणि पुढे भाजीबाजारात जन्मभर उपयोगी पडते. हिंदी लोकलमध्ये चढताना येते, इंग्रजी कचेरीत. त्यामुळे भाषा शिकायला कष्ट पडतात, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, मेंदूला व्यायाम द्या. भाचा म्हणाला, "मामा, जपानी शिका."

"त्यासाठी पुण्याला जावं लागेल?" मी विचारलं. जपानी हा पुणेकरांचा प्रांत. सिंहगड रस्त्यावर त्यांनी ओकायामाच्या नात्याने आख्खी जपानी बाग करून ठेवलीय. पण वर्ग दादरलाच निघाला आणि माझी सबब संपली.

सुरुवातीला ही भाषा फार लाडीगोडी लावते. हिरागानाची अक्षरं ४६. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा. म्हणजे घरचीच मंडळी! आपल्या वर्णमालेची शिस्त बौद्ध विद्येबरोबर चीनमार्गे तिकडे पोचली, तिचा हा पुरावा. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. 'चा-ची-चे'ला एकटा 'नो'. वाक्य संपताना आपण 'ना?' म्हणतो, ते 'ने?' म्हणतात. पंधरा दिवसांत मला जपान हा रत्नागिरीच्या पुढचा एखादा तालुका वाटू लागला.

मग कांजी आल्या. नित्य वापराच्या सरकारी यादीत त्या २१३६ आहेत. 'माणूस' ही कांजी दोनच रेघांची. पण ती कुठे 'हितो', कुठे 'जिन', कुठे 'निन'. मोजायला गेलं तर पेन्सिलीला वेगळा प्रत्यय, कागदाला वेगळा, मांजराला वेगळा. चार तारीख 'योक्का', आठ तारीख 'योओका'. एकीत अडखळायचं, दुसरीत रेंगाळायचं. ज्याची जीभ चुकेल त्याचे चारचे पाहुणे आठला येणार. अर्थात पोराबाळांकडून एकोणसाठ, एकोणसत्तर, पावणेदोन आणि अडीच पाठ करून घेणाऱ्यांनी या बाबतीत फार बोलू नये.

पण ही सगळी घोकंपट्टी झाली. माझी खरी झोप उडवली ती थंडीने. 'सामुई देस' म्हणजे 'मला थंडी वाजते'. पुढच्या बाकावरच्या कॉलेजकन्येने उत्साहाने त्याच धर्तीवर 'माझ्या आईला थंडी वाजते' असं वाक्य केलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आईच आहे माझी!"

"असू दे. थंडी तिला वाजतेय."

मग नियम कळला. आपली थंडी, आपली इच्छा, आपलं दुःख सरळ सांगावं. दुसऱ्याचं मात्र तसं सांगता येत नाही. 'सामुसो', म्हणजे थंडी वाजत असल्यासारखी दिसते, असं म्हणावं. किंवा ती तसं म्हणते, तिच्या वागण्यावरून तसं वाटतं, असं काहीतरी शेपूट जोडावं. समोरच्याला विचारायला मात्र पूर्ण परवानगी. कादंबरीकारालाही सूट आहे, कारण नायिकेच्या काळजात काय चाललंय हे त्याला ठाऊक असतं. काळीजच त्याने बनवलेलं.

घरी येताना गाडीत मी हाच विचार करत होतो. दुसऱ्याच्या मनाचं आपल्याला काय कळतं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी मोठमोठ्या ग्रंथांत चघळला. इथे तो व्याकरणाच्या धड्यात घातलेला! आणि आपल्याकडे? 'बाबांना आता कशाचीच हौस नाही.' 'आईला कुठे जायला आवडतच नाही.' 'आत्याला गोड नकोच असतं.' म्हातारं माणूस असलेल्या घरात सगळेच कादंबरीकार.

मराठीत सोय नाही असंही नाही. 'दिसतंय' आहे, 'म्हणे' आहे. पाहुणा दारात आला की आपण 'भूक लागली असेल' म्हणतो. हा 'असेल' पाहुण्याच्या वाट्याला येतो, घरातल्या म्हातारीच्या येत नाही. कोणी म्हणेल, यालाच माया म्हणतात. न विचारता कळणं. तेही खरं. तान्ह्या पोराच्या आईने 'भूक लागल्यासारखी दिसते' म्हणत बसावं, असं मी म्हणणार नाही. पण पोराला बोलता येत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला येतं.

हे वय मी उगीच नाही काढलं. पंतनगरातली आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे. परवाच्या सभेत कोणाला कितवा मजला, याची यादी चालली होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या नव्हत्या. जिना उतरवत नाही. त्यांचा पुतण्या म्हणाला, "काकूला तेरावा चालेल. तिला उंचावर मोकळं वाटतं." सेक्रेटरींनी पेन उचललं.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

सभेत शांतता पसरली. पुतण्या म्हणाला, "अहो, सख्खी काकू आहे माझी!" कोणीतरी पुटपुटलं, "यांचं हल्ली जपानी चाललंय." सेक्रेटरी मात्र भला माणूस. रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि काकूंना विचारून यायचं काम माझ्याच गळ्यात मारलं.

काकू खिडकीत बसल्या होत्या. खाली केळीवाला आणि एक गिऱ्हाईक यांच्यात गुजरातीतून घासाघीस चालली होती आणि काकू दोन्ही बाजूंचं ऐकत होत्या. मी म्हटलं, "काकू, नव्या इमारतीत तुम्हाला कितवा मजला हवा?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला होय? थांब हं, विचार करून सांगते. उद्या ये. नाहीतर परवा ये."

आज पाचवा दिवस. मी रोज जातो, चहा पितो. रकाना अजून कोराच आहे, पुतण्या माझ्याशी बोलत नाही, आणि काकू विचार करताहेत. मजेत आहेत, असं दिसतं.