लांबची काठी

इंद्राच्या कोपाने व्रजभूमीवर सात दिवस आणि सात रात्री पाऊस कोसळला, आणि बाळकृष्णाने गोवर्धन उचलून गाईगुरांसह सर्वांस त्याखाली आसरा दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्याकडील कीर्तनकार तीत एक गोड भर घालतात. पर्वत देवाने करंगळीवर तोलून धरला, तेव्हा गोपाळांनीही आपापल्या काठ्या त्याला खालून लावल्या. त्या काठ्यांवर पर्वत पेलला जात नाही, हे देव जाणत होता. पण त्याने एकाही गोपाळास काठी काढावयास सांगितले नाही. ती भक्ताची सेवा होती, आणि सेवेचे वजन देव कधी करीत नाही.

आमच्या मनात मात्र एक प्रश्न येतो. त्या दिवशी एखादा गोपाळ मथुरेच्या बाजारास गेला असेल, तर त्याने काय केले असेल? आकाश काळवंडलेले त्याला दिसत होते, पण घर दूर होते. त्याची काठी किती लांब असावयास हवी होती!

आपल्या उचगावची किती तरी मुले आज त्या गोपाळाच्या ठिकाणी आहेत. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी गोव्यात, कोणी सैन्यात, तर कोणी समुद्रापार आहे. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात मार्कंडेय नदी पात्र सोडून शेतांत शिरली, कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा या साऱ्याच नद्या एका वेळी कोपल्या, तेव्हा या मुलांचा जीव तेथे राहिला नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धास्ती आली. अशा वेळी दूरच्या माणसाच्या मनात देण्याची जी ऊर्मी उठते, ती परमेश्वराचीच प्रेरणा होय. पण ऊर्मीला विवेकाची जोड नसेल, तर पुराच्या पाण्याप्रमाणे तीही वाट सोडून धावते. म्हणूनच गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानास स्थळ, काळ आणि पात्र यांचे भान सांगितले आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. २० सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या अखत्यारीतील प्वेर्तो रिको बेटावर 'मारिया' नावाचे भयंकर चक्रीवादळ आदळले. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा येथे स्थायिक झालेल्या त्या बेटाच्या लेकरांनी मायभूमीसाठी झोळी पसरली व भरभरून मदत गोळा केली. पण त्याच दिवसांत सान हुआनच्या बंदरात जीवनावश्यक वस्तूंचे हजारो कंटेनर अडकून पडले होते. कारण रस्ते बंद होते, मालमोटारींना चालक मिळत नव्हते, डिझेल मिळत नव्हते. पाठविणे वेगळे आणि पोचणे वेगळे. आपल्याकडेही २०१९ साली पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापुराजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. अशा वेळी पुण्याहून निघालेल्या गाडीपेक्षा बेळगावच्या बाजारात शिधा घेण्यासाठी आलेले पैसे अधिक लवकर भुकेल्याच्या मुखी पडतात. म्हणून दूरच्या बांधवांनी आधी विचारावे आणि मग द्यावे.

दुसरा विचार काळाचा. पाणी चढलेले असते तेव्हा सर्वांचे लक्ष तिकडे असते, आणि पहिल्या आठवड्यात शिजविलेले अन्न उरून जाते. पण पाणी ओसरते, निवारा केंद्रे बंद होतात, पाहावयास येणारे थांबतात, आणि खरी विपत्ती तेव्हा उंबरठ्यावर उभी राहते. मातीची भिंत कोसळलेली असते, कणगीतील धान्याला कोंब फुटलेले असतात, मुलांची वह्यापुस्तके भिजून लगदा झालेली असतात, गुरांना वैरण नसते. प्वेर्तो रिकोत शेवटच्या घरापर्यंत वीज पोचावयास जवळजवळ अकरा महिने लागले. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, मदतीच्या रकमेतील निम्मा भाग दिवाळीपर्यंत राखून ठेवावा. तेव्हा तो मागणारा कोणी येणार नाही, पण गरज सर्वांत मोठी तेव्हाच असेल.

तिसरा विचार पात्राचा, आणि येथे आम्हांस आपल्याच मनाची झडती घ्यावयाची आहे. मदतीसाठी हात पुढे होतो, तेव्हा ओठांवर हळूच एक प्रश्न येतो: 'हे आपल्यापैकीच ना?' आपल्या गावचे, आपल्या वाड्यातले, आपल्या भाषेचे? सीमाभागात राहणाऱ्या आम्हां लोकांस हा प्रश्न परका नाही. १९५६ साली राज्यांची रचना बदलली तेव्हापासूनचे शल्य आम्ही उराशी बाळगून आहोत, आणि ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मार्कंडेय नदीकडे पाहा. आमची शेते बुडवून जे पाणी पुढे गेले, तेच गोकाकजवळ घटप्रभेस मिळाले, आणि तेथील कानडी बोलणाऱ्या मायमाउलींच्या चुली त्याच पुराने विझल्या. वेदगंगा-दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणीकडे येतात, त्या कोणत्याही नाक्यावर थांबत नाहीत. पाण्याने ज्यांना एक केले, त्यांना दात्याने वेगळे का करावे? पुरात कंबरभर पाण्यात उभा असलेला मनुष्य, हाच पात्र. त्याची भाषा विचारण्यापूर्वी त्याचा हात धरावा. न्यायाची मागणी न्यायाच्या जागी राहील. तिला दयेच्या वाटेत आडवे उभे करू नये.

आणखी एक गोष्ट. अनादराने दिलेले दान भगवंतांनी तामस ठरविले आहे. फाटके कपडे गठ्ठ्यात कोंबणे, घेणाऱ्याची मान खाली असताना त्याचे छायाचित्र काढणे, हा अनादरच होय. आपण जे स्वतः अंगावर घालू, तेच द्यावे. घेणारा आज पूरग्रस्त आहे, पण काल तोही कोणाला तरी पायलीभर भात देणारा शेतकरीच होता.

परगावच्या सभासद कुटुंबांनो, तुम्ही दूर आहात म्हणून तुमची सेवा उणी नाही. जवळच्याची काठी आखूड असते, तुमची लांब असावी लागते, एवढेच. पुढचा पावसाळा येण्यापूर्वीच ती कापून, तासून, देवाच्या दारी टेकून ठेवू या. पर्वत पेलणारा तो समर्थ आहे. आपण काठी लावली की नाही, एवढेच तो पाहील.

मळेकरणी आईच्या चरणी आमची एकच प्रार्थना: नद्या आपापल्या पात्रात राहोत, आणि आमची करुणा मात्र कोणत्याही काठाशी न थांबो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥