हिरापूर आणि मार्कंडा : एका दिवसात दोन स्थळे

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात हिरापूर येथे बृहदश्मयुगीन डोलमेन आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवचा मंदिरसमूह आहे. पहाटे निघून आधी हिरापूर आणि दुपारनंतर सिंदेवाही, मूल, चामोर्शीमार्गे मार्कंडा, अशी एका दिवसाची आखणी करता येते. तिच्यासोबत धर्मविचाराचा एक प्रश्नही येतो. पहिले स्थळ नुसते पाहायचे आणि दुसऱ्यापुढे हात जोडायचे, या भेदाला आधार कोणता?

मृतांसाठी रचलेल्या डोलमेनमध्ये उभ्या शिळांवर एक अवजड शिळा आडवी ठेवलेली असते. विदर्भातील बृहदश्म संस्कृती मुख्यतः इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. नागपूरजवळ माहुरझरी येथील शिळावर्तुळांत मानवी अवशेषांबरोबर लोखंडी वस्तू, मातीची भांडी आणि घोड्यांचे अवशेषही सापडले. या लोकांनी परलोकाविषयी काही लिहून ठेवलेले नाही. तरी इतक्या जड शिळा हलवण्यास अनेकांचे हात लागतात. मरण ही एका घरापुरती बाब नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

मार्कंड्याची मंदिरे साधारण दहाव्या-अकराव्या शतकांतील मानली जातात. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873-74 च्या दौऱ्यात त्यांची नोंद केली. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मुख्य मंदिर शिवाचे असून त्याच्याशी मार्कंडेय ऋषींची कथा जोडली आहे. सोळाव्या वर्षी मरण ठरलेल्या या मुलाने शिवलिंगाला मिठी मारली आणि शिवाने यमाला परतवले.

म्हणजे दोन्ही ठिकाणी विषय मृत्यूचाच आहे, उत्तरे मात्र वेगळी. शिळा मृत्यू मान्य करून मृताला गावाच्या भूमीत कायमची जागा देते. कथा ईश्वराच्या कृपेने मृत्यूच टाळते. एका उत्तराला दुसऱ्याची कच्ची पूर्वतयारी म्हणता येत नाही. कालक्रम म्हणजे श्रेष्ठतेचा क्रम नव्हे.

मंदिरात पूजा चालू आहे आणि डोलमेनची परंपरा संपली, हा भेदाचा नेहमीचा आधार. तोही या जिल्ह्यांत पुरता टिकत नाही. भामरागड परिसरातील माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करण्याची रीत आहे. बस्तरमधील मारियांच्या अशाच प्रथेचे वर्णन डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी 1938 च्या ग्रंथात केले आहे. माडिया हिरापूरच्या लोकांचे वंशज आहेत, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र मृतांसाठी शिळा उभारणे ही केवळ पुरातत्त्वाची गोष्ट नाही, हे स्पष्ट होते.

मार्कंड्यात कसे वागावे हे रूढीने ठरलेले आहे. हिरापूरला ना पुजारी ना दिवा, त्यामुळे ते येणाऱ्याच्या विवेकावर राहते. आडव्या शिळेवर चढू नये, तिच्यावर बसून डबा उघडू नये, आणि श्रद्धेपोटी तिला शेंदूरही फासू नये. पहिल्या दोन कृतींत मृतांचा अनादर होतो. तिसरीत त्यांच्या श्रद्धेवर दुसऱ्याची श्रद्धा लादली जाते.