औषधाला तोंड उघडतोस, मग बोलायला का नाही?

डॉक्टरांनी विचारलं, 'आणखी कुठली औषधं चालू आहेत?' तू म्हणालास, 'काही नाही.' वरच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, घरी कपाटात काचबिंदूचे थेंब, आणि म्हणे काही नाही! आता दम वाढल्यावर माझ्याकडे रडत आलास, 'सर, पंप लागू पडत नाही.' पंपानं काय करायचं रे? एका हातानं श्वासनळ्या मोकळ्या करायचं औषध घेतोस, दुसऱ्या हातानं त्या आवळायचं. यात पंपाची काय चूक?

'पण थेंब तर डोळ्यात टाकतो, छातीशी काय संबंध?' संबंध आहे. टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून नाकात उतरतात, तिथून रक्तात आणि रक्तातून छातीत. दमेकऱ्याला तेवढ्यानंही जोराची धाप लागू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांतलं प्रोप्रॅनोलॉल त्याच जातकुळीचं. काही दमेकऱ्यांना तर अंगदुखीवरची ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसुद्धा सोसत नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा सांगायचा आणि छातीच्या डॉक्टरांना डोळ्यांचे थेंब. आता हे ऐकून घरी जाशील आणि सगळ्या पट्ट्या उकिरड्यावर टाकशील. तेही करायचं नाही. काय बंद करायचं, काय बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील. तुझं काम सांगायचं.

आणि लघवी अडते, रात्री चारदा उठावं लागतं, ते का लपवलंस? लाज वाटली? दम्यावर इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियम द्यायचं तर काचबिंदू आणि प्रोस्टेट दोन्ही डॉक्टरांना माहीत असावे लागतात. एरवी चहाच्या टपरीवर अख्ख्या पेठेची लफडी चघळतोस. बंद खोलीत डॉक्टरांसमोरच बरी तुझी वाचा बसते!

'डॉक्टरांना वेळ नसतो, सर.' सिव्हिलच्या ओपीडीत गर्दी असते, मान्य. पण 'मला बीपी आहे, साखर आहे, धडधड होते' एवढं बोलायला किती वेळ लागतो? केस पेपर काढायला तासभर रांगेत उभा राहतोस ना? त्या तासाभरात कागदावर चार ओळी लिहून होत नाहीत? निळ्या पंपातल्या साल्ब्युटामॉलनं हात थरथरतात, छाती धडधडते. हृदयाचा किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर ते आधीच कळायला हवं. धडधड सुरू झाल्यावर मेडिकलवाल्याला फोन करून काय उपयोग?

मेडिकलवाला! तो तुझा खरा डॉक्टर. पट्टीवर तांबडी रेघ दिसते ना? चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. रंगांधळा आहेस का? रंगाऱ्याकडून आलेल्या सुतात छटा जराशी उतरली तरी ओळखतोस. सुताचा काउंट चुकला तर अख्खं गाठोडं परत धाडतोस. टॉवेलसाठी एवढी पारख, आणि स्वतःच्या फुफ्फुसांसाठी 'शेजारी घेतो तीच द्या'?

त्या 'तीच'मध्ये थिओफायलीन होतं. गोळी जुनी, स्वस्त आणि नाजूक हिशोबाची. गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत फारसं अंतर नाही. जुलाब लागले म्हणून तूच त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलंस. ते थिओफायलीनला शरीरातून लवकर जाऊ देत नाही. मग रक्तात ती चढत जाते. मळमळ, धडधड, झोप उडते. फारच चढली तर फिट येते. बिडी ओढणाऱ्याच्या अंगात हीच गोळी लवकर संपते, आणि बिडी सोडली की तीच मात्रा जास्त होते. म्हणजे बिडी सोडलीस तरी डॉक्टरांना सांगायचं. 'मग सोडतच नाही,' असं म्हणायला तोंड उघडू नकोस. आधी सोड, मग सांग.

आता तुझं लाडकं भूत, स्टिरॉइड. 'सर, पंपात स्टिरॉइड असतं म्हणे, सवय लागते.' कोण म्हणे? लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला? पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे काय, हे सातवीत मीच फळ्यावर लिहिलं होतं आणि तू बरोबर उत्तर दिलं होतंस. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. एवढं सोपं आहे. ते तुला जड वाटतं. आणि ओळखीतल्या कुणीतरी दिलेली 'दम्याची हमखास पुडी' मात्र महिनोन्‌महिने खातोस. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच कुटून घातलेलं असतं. ते पोटातून अंगभर जातं. साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू धरतो. बरेच दिवस खाऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या पुडीचंही डॉक्टरांना सांगायचं, आणि तीही त्यांच्या सांगण्यानंच सोडायची.

मृग लागला की दम्याच्या औषधासाठी हैदराबादची गाडी धरतोस. रात्रभर रांगेत तिष्ठतोस, मरळीचं जिवंत पिल्लू गिळतोस. त्याच्या तोंडातल्या पिवळ्या लेपात काय आहे, हे ते देणारं बथिनी घराणं कुणाला सांगत नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. ज्या औषधाचं नाव, मात्रा, तारीख डब्यावर छापलेली आहे, त्याच्याबद्दल मात्र 'साइड इफेक्ट असतात, सर!' असतात. म्हणून तर आधी विचारायचं असतं. पोरीला सर्दीसाठी मॉन्टेलुकास्ट देतोस, तेव्हा विचारलंस? २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या गोळीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. भयानक स्वप्नं, उदासी, जीव नकोसा वाटणं. सगळ्यांना होत नाही. पण पोरगी गप्प गप्प राहू लागली तर 'परीक्षेचं टेन्शन' म्हणून सोडून देशील की गोळी आठवेल?

दाखव, पंप कसा घेतोस ते. बघ! हलवला नाहीस. आधी श्वास सोडला नाहीस. दाबलास एकदा आणि ओढलास नंतर. औषध जिभेवर बसलं, छातीत काही गेलं नाही. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, दाबता दाबता सावकाश खोल ओढायचं आणि मनात दहा म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. जमत नसेल तर स्पेसर लावायचा. त्यात कमीपणा नाही. पावडरच्या कॅप्सूलचं उलटं, ती जोरात ओढायची. आणि ती यंत्रात घालायची असते, पाण्याबरोबर गिळायची नसते. हसू नकोस. गेल्या पावसाळ्यात गिळत कोण होतं?

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत जायचं म्हणून निळ्या पंपाचे चार झोत आगाऊ मारतोस. धूळ तिथंच, तूही तिथंच, आणि रोजचा पंप घरी कोरा. निळा पंप घटकाभर आराम देतो, आतली सूज उतरवत नाही. दम्यासाठी मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, असं 'जिना' या जागतिक तज्ज्ञगटानं २०१९ मध्येच सांगितलं. तो जास्त लागायला लागला की समजायचं, दमा हाताबाहेर चाललाय. त्याला शूरपणा म्हणत नाहीत. आणि सुट्टीनंतर कारखान्यात पाऊल टाकलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, हेही सांगितलं नाहीस ना? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची ती जुनी खूण आहे. सोलापुरात राहून, तुझ्यासारख्या सूतवाल्याला हे मी सांगायचं?

मठ्ठ असतास तर मी बोललोच नसतो. चाळीस माणसांचा पगार, जीएसटी, बँकेचे हप्ते तोंडपाठ असलेला माणूस तू. 'मला काय कळतंय त्यातलं' हे माझ्यापुढं चालणार नाही. तुला कळतं. कळतं म्हणूनच लपवतोस. खरं सांगितलं तर बिडी सुटेल, पुडी सुटेल, रोजचा पंप मागे लागेल.

आज संध्याकाळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भर. थेंब, पुडी, काढा, शेजाऱ्याची पट्टी, सगळं. डॉक्टरांच्या टेबलावर ओत. आणि रात्रीबेरात्री बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे पडले किंवा पंपानंही उतार पडेना, तर सकाळची वाट बघायची नाही. थेट सिव्हिल.

आणि हातातल्या त्या पंपावरची तारीख वाचलीस कधी? नाही ना? चष्मा लाव. वाच आत्ता, मोठ्यानं.