फुलीखालची नदी

चौकटींची वही घ्या, शाळेत गणिताला असायची तशी. एक पेन्सिल घ्या. मोबाइल बाजूला ठेवा. घाई नाही.

पानाच्या डावीकडे सात गुणिले सात घरांचा चौकोन काळा करा. एकेक घर, सावकाश. ४९ घरं भरायला वेळ लागेल, लागू द्या. हा आपला नागपूरचा अंबाझरी तलाव. आता त्याच्या उजव्या कडेच्या मधोमध सुरू होणारी, दोन घरं रुंद अशी पट्टी पानाच्या टोकापर्यंत न्या. ही नाग नदी. अंबाझरीतून निघून शहर ओलांडते, पुढे पूर्वेला कन्हानकडे जाते. नागपूरला नाव मिळालं ते हिच्यावरून.

एक लांब श्वास घ्या आणि पान नुसतं बघा.

चित्रांवर काम करणारे ज्याला इरोजन म्हणतात, ती झीज आता हातानं करू. नियम एकच. कोणत्याही काळ्या घरावर बोट ठेवा आणि विचारा, तुझ्या भोवतीची आठही घरं काळी आहेत का? असतील तर ते राहिलं. एक जरी कोरं निघालं, तर ते जाणार. जाणाऱ्या घरावर फुली मारा, पण लगेच खोडू नका. सगळ्यांना विचारून होईपर्यंत कुणालाही हलवायचं नाही. नाहीतर पहिल्याच्या जाण्यानं दुसऱ्याचा निकाल बदलेल.

तलावाच्या काठची २४ घरं गेली, आतली २५ राहिली. आणि नदी? बोट पुढे सरकवत न्या. फुली, फुली, फुली. दोन घरांच्या रुंदीत आठही शेजारी काळे मिळणं शक्यच नाही. नदीचं एकही घर उरत नाही.

इथं थोडं थांबा. नियमाचा नदीवर राग नव्हता. प्रश्न तलावाला विचारला तोच तिला विचारला. मला मात्र वाटतं, एक घर आणि त्याचे आठ शेजारी, अशी तीन गुणिले तीनची खिडकी निवडली तेव्हाच नदीचा निकाल लागला होता. आणि ती खिडकी माणूस निवडतो.

ही रीत जन्मली ती खनिजाच्या अभ्यासातून, हे नागपूरकरांनी लक्षात ठेवावं. १९६४ साली फ्रान्समध्ये जॉर्ज माथेराँ आणि झाँ सेरा यांनी तिचा पाया घातला. सेरांसमोर लॉरेन प्रांतातलं लोहखनिज होतं. आपल्याकडे मँगनीज काढणारी मॉइल कंपनी आणि भारतीय खाण ब्यूरो, दोन्हींची मुख्यालयं नागपुरात आहेत आणि मनसरचं मँगनीज रामटेकच्या वाटेवर आहे. खनिजाचा तुकडा घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की कण एकमेकांना चिकटलेले दिसतात. किती आहेत ते कळत नाही. चित्राची कड झिजवत नेली, की अरुंद सांधे आधी तुटतात आणि कण सुटे होतात. मग मोजता येतात. तिथं ही झीज मोठं काम करते. उपग्रहाच्या चित्रातही करते. उंच इमारतीची सावली पाण्यासारखीच काळी दिसते, असे खोटे ठिपके एका फेरीत पुसले जातात.

आता पानावर परत या. फुलीचं घर कोरंच समजा. उरलेल्या २५ घरांना उलट नियम लावा. ज्या कोऱ्या घराला या २५ पैकी एक तरी शेजारी आहे, ते काळं करा. तलाव पुन्हा भरला, ४९ च्या ४९ घरं. नदीच्या जागी बघा. नुसत्या फुल्याच आहेत. जिथून फुगायचं, असं तिचं एकही घर शिल्लक नाही. झिजवणं आणि मग फुगवणं, या जोडीला ओपनिंग म्हणतात. चित्र साफ होतं ते याच जोडीनं.

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या सगळ्यात बारीक चित्रातलं एक घर, म्हणजे एक पिक्सेल, जमिनीवर १० मीटरचं असतं. तीन घरं म्हणजे ३० मीटर. शहरातून जाताना कित्येक ठिकाणी नागचं पात्र तेवढंही भरत नाही. साफ केलेल्या चित्रात अंबाझरी राहील, नाग जाईल.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. रात्री काही तासांत मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागचं पाणी घराघरांत शिरलं. माणसं गेली. त्या दिवशी शहरभर फिरली ती हीच अरुंद रेघ.

म्हणून नकाशांवर काम करणाऱ्यांना एक सांगणं आहे. इरोजन चालवण्याआधी मूळ चित्राची प्रत वेगळी जपून ठेवा, आणि तुमची खिडकी किती मीटरची होती ते नकाशावर लिहा. तुम्हीही हे पान फाडू नका. फुल्यांखाली नदी अजून दिसते आहे.