उपशमाचे मोल

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली या कार्यास नोबेल पारितोषिक लाभले. पुढे दुसरी बाजूही उघड झाली. अशी स्टेरॉईड औषधे दीर्घकाळ पोटात घेतल्यास हाड घडविणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. आणि ती दुखत नाही. पुष्कळदा हाड मोडते तेव्हाच ती कळते.

एकाच कृतीतून इष्ट व अनिष्ट दोन्ही घडणार असेल, तर ती करावी काय? नीतिशास्त्राचा हा जुना प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना हेतूला महत्त्व दिले. दमेकऱ्याचा श्वास वाचविण्याचा हेतू निर्मळच आहे. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून जबाबदारी संपत नाही. जो अनर्थ आधीच दिसतो, तो कमी करण्याचा यत्न न करणे ही उपेक्षाच होय. मात्रा शक्य तितकी अल्प ठेवणे, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाकडे लक्ष पुरविणे, औषध तीन महिने वा अधिक चालणार असल्यास हाडांच्या धोक्याची तपासणी करणे, हे कर्तव्य ठरते. रुग्णानेही भयापोटी गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. ते प्राणावर बेतू शकते.

‘रुग्ण उगाच घाबरेल’ म्हणून मौन पाळणे दयेसारखे भासते. पण ज्याच्या देहातून मोल वसूल होणार, त्याला ते आधी ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे.