साफ

आमच्या उमरीत ‘साफ’ हा शब्द जपून वापरावा लागतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, 1948 सालच्या जानेवारीत, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँकच साफ केली होती! मीही बँकेतला कारकून. साहेब ‘काउंटर साफ ठेवा’ म्हणाले की मला उगीच देशभक्ती सुचू लागते.

गेल्या दिवाळीत घरच्या गड्यासाठी चिठ्ठी ठेवली: ‘कपाट साफ करणे.’ संध्याकाळी कपाट लखलखीत! जुनी पासबुके आणि माझी बी. कॉम.ची गुणपत्रिका मात्र रद्दीत. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘तुम्हीच तसं लिहिलाव की, साहेब.’’

पुण्याचा भाचा हे ऐकून हसला नाही. कंपनीची कोणती माहिती कुठे आहे, याची सूची म्हणे आता एआय एजंट सांभाळतो. हाताशी अनेक टूल्स. कोणते उचलायचे हे तो नाव आणि खालच्या दोन ओळी वाचून ठरवतो. त्या ओळी भाचा लिहितो. ‘‘मामा, ‘टेबल साफ करते’ एवढंच लिहिलं, तर तो चुका दुरुस्त करील की सगळ्या नोंदी पुसून टाकील?’’ म्हणून टूल काय करते, काय करत नाही आणि केलेले परत फिरवता येते का, हे सगळे लिहायचे.

मग आज्ञाधारकाची चूक कुणाच्या नावे टाकावी? बँकेत सही ज्याची, जबाबदारी त्याची. मोघम लिहिणारा पळवाट राखून ठेवतो: साधले तर श्रेय आपले, बिघडले तर ‘त्याला कळायला नको?’

मी गड्याची माफी मागितली. नवी चिठ्ठी लिहिली: ‘कपाट पुसणे. आतले काही हलवू नये. शंका आल्यास विचारणे.’

त्याने ती वाचली आणि विचारले, ‘‘आतून पुसू, का बाहेरून?’’