आजार आईचा, उत्तर आपले

मधुमेह झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आपण कुपात होलीमच्या दवाखान्यात जातो. सिस्टर हिब्रूत विचारते, गोळ्या वेळेवर घेता का? आईने तोंड उघडण्यापूर्वीच आपण “केन, केन” म्हणून मोकळे होतो. भाषा आपल्याला येते ना!

अशाच एका भेटीत सिस्टरने आम्हांस हातानेच थांबविले व मराठी जाणणाऱ्या एका सहकारी बाईस बोलावले. तिने विचारले, “मावशी, या आजारात तुम्हांला सर्वांत जड काय जाते?” आई म्हणाली, “मलिद्याचे ताट आले की माझा हात धरतात, ते.” मग तिने कबूल केले की, ती चोरून खाते. साखर का चढते, हे कोडे आम्हांला कित्येक महिने पडले होते!

सिस्टर रागावली नाही. त्यांचे ठरले ते असे : मलिदा मूठभर, त्या जेवणात भात नाही, दोन तासांनी बोट टोचून साखर पाहायची आणि आकडा आईनेच वहीत लिहायचा.

इस्राएलमध्ये १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे रोग्याला समजेल व त्याला मोकळेपणी निवड करता येईल, अशा रीतीने माहिती द्यावी लागते. ऑपरेशनच्या कागदावर सही घेताना हा कायदा सर्वांना आठवतो. पण मधुमेहाचे निर्णय रोज स्वयंपाकघरात होतात. तेथे ना डॉक्टर असतो, ना सिस्टर.

तथापि “तुमची मर्जी” म्हणून हात झटकणे, याला रोग्याचा मान राखणे म्हणता येत नाही. आईने किप्पूरच्या उपासाचा विषय काढला, तेव्हा तीच सिस्टर ठामपणे बोलली. इन्सुलिन घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने उपास धरला तर साखर एकदम घसरून जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना विचारा, रब्बींनाही विचारा. जीव वाचविण्यासाठी उपास मोडावा, हे तर आपला धर्मच सांगतो. आईने सर्व ऐकून घेतले आणि रब्बींकडे ती स्वतः गेली. आम्ही गेलो असतो तर तिने ऐकले असते की नाही, याची शंकाच आहे.

उद्या तिची स्मरणशक्ती गेली तर काय, हा प्रश्न आम्हांला सुटलेला नाही. तूर्त वही तिच्या पिशवीत असते. आम्ही मागितली तर म्हणते, “आधी सिस्टरला दाखवीन.”